कुर्म्यातली मंडळी

कोसमटोल्यात येशूची गोष्ट पहिल्यांदा सांगितली गेली ती कुर्मा घरात. हे आता कोणी बोलून दाखवत नाही, पाहुण्यांसमोर तर नाहीच. पण कलाबाई उसेंडी अजून हयात आहे, तिची आठवण शाबूत आहे आणि जीभही शाबूत आहे. सगळी अडचण तिथेच होऊन बसली आहे.

कुर्मा घर म्हणजे गावाबाहेर, जंगलाच्या कडेला उभी केलेली कुडाची झोपडी. पाळी आली की बाईने घर सोडायचं आणि पाळी संपेपर्यंत तिथे राहायचं. घरातली दुसरी कोणी बाई भात-आंबील आणून मोहाच्या झाडाखालच्या दगडावर ठेवणार आणि ही ते उचलून आत नेणार. गड्याने त्या मोहाच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर विटाळ, मग नदीवर अंघोळ आणि गावदेवाला कोंबडं. पावसाळ्यात छप्पर गळो, विंचू निघो, बाई तापाने फणफणो, गडी मोहापाशीच थांबणार. वाघाच्या वाटेने मोहफुलं वेचायला जाणारी ही माणसं, पण त्या झोपडीसमोर सगळ्यांची पाचावर धारण बसायची.

कलाबाई लग्न होऊन कोसमटोल्यात आली त्याच साली चंद्रपूरकडची चंदाबाई गावात आली. पांढरं लुगडं, खांद्याला झोळी आणि झोळीत रंगीत चित्रं. गावोगाव फिरून बायकांना येशूच्या गोष्टी सांगायच्या, या कामावर मिशनने तिला ठेवलं होतं. गावाच्या मधोमध चिंचेखाली ती चित्रं मांडू लागली तेव्हा सुकलू भूमिया उठला. भूमिया म्हणजे गावदेवाचं सगळं पाहणारा. त्याच्या शब्दाबाहेर गाव जात नाही. तो दात विचकत म्हणाला, "बायायसंग बोलाचं हाय ना तुले? मंग तिकडं कुर्म्यात जा. तिथी बायाच बाया हायेत."

चिंचेखालचे गडी खो खो हसले. चंदाबाईने चित्रं गोळा केली, रस्ता विचारला आणि खरंच कुर्म्यात गेली.

त्या दिवशी आत कलाबाई होती, आणखी दोघी होत्या. एखादी बाई पाळी नसताना आपल्या पायाने आत येऊन बसते, हेच त्यांना पटेना. चंदाबाई चटईवर बसली, त्यांच्याच लोट्यातलं पाणी मागून प्यायली आणि तिने गोष्ट सांगितली. एक बाई होती. बारा वर्षं तिचं रक्त थांबत नव्हतं. लोक तिला शिवत नव्हते. वैद्य झाले, औषधं झाली. एक दिवस येशू गर्दीतून चालला होता, तेव्हा ती मागून गेली आणि तिने त्याच्या कपड्याच्या काठाला हात लावला. रक्त थांबलं. येशूने वळून विचारलं, मला कोण शिवलं? बाईची बोबडी वळली. आता हा आपल्याला मारणार असं तिला वाटलं. पण तो तिला पोरी म्हणाला.

"त्यानं आंग नाई धुतलं?" कलाबाईने विचारलं.

"नाई."

"आन् कोंबडं?"

"काईच नाई."

कलाबाई रडायला लागली. त्यात रडण्यासारखं काय होतं हे तिला तेव्हाही सांगता आलं नाही आणि आजही येत नाही.

चंदाबाई आणखी दोन-चारदा आली आणि मग तिचं येणं थांबलं. गोष्ट मात्र कुर्म्यात राहिली. कलाबाईचा तिथला मुक्काम महिन्याच्या महिन्याला ठरलेला, त्या वेळी जी कोणी आत असेल तिला ती गोष्ट सांगायची. ऐकणारी पुढच्या खेपेला दुसरीला सांगायची. होता होता गावातली एकूण एक बाई येशूला ओळखू लागली आणि गड्यांना त्याचा पत्ताच नाही! कुर्म्यात बाया काय बोलतात हे विचारायचीसुद्धा त्यांना किळस. घंटा नाही, उपदेशाला पाळक नाही, कोणाची परवानगी नाही, अशी बिनधास्त ख्रिस्ती मंडळी दुसरीकडे कुठे भरली असेल असं मला वाटत नाही. आणि कलाबाईच्या गोष्टीत हळूहळू एक भर पडली. तिचा येशू त्या बाईला पोरी म्हणून थांबत नसे, तिच्या लोट्यातलं पाणी मागून पीत असे. प्यायली होती चंदाबाई, ते येशूच्या नावावर गेलं.

कलाबाईच्या पोराचा, धनराजचा, जन्मही कुर्म्यातच झाला. तेव्हा बाळंतपणं तिथेच व्हायची. म्हणजे आजच्या पाळकसाहेबांनी आयुष्यातला पहिला संदेश ऐकला तो आईच्या छातीला लागून, आईच्याच तोंडून. आता ते त्याला आठवत नाही, यात त्याचा काही दोष नाही.

पोरगं चालायला लागलं त्या पावसाळ्यात लटारूच्या, म्हणजे कलाबाईच्या नवऱ्याच्या, डोक्यात ताप गेला. पुजाऱ्याने हात टेकले. दवाखान्यात न्यावं तर नदीला पूर. तेव्हा कुर्म्यात बसणाऱ्या बाया पहिल्यांदाच दिवसाढवळ्या लटारूच्या अंगणात येऊन बसल्या आणि त्यांनी मोठमोठ्याने प्रार्थना केली. पूर ओसरल्यावर सरकारी दवाखान्यातल्या गोळ्याही पोटात गेल्या, ते काही खोटं नाही. पण लटारू वाचला आणि येशूचा झाला. त्याच्या मागोमाग आणखी काही घरं झाली.

मग गाव बैठकीला बसलं. सुकलू भूमियाने फैसला दिला, "कोनाले पुजाचं त्याले पुजा. गावातून काढत नाई. पन कुर्मा पाळाचा. तुमच्या बायायनं कुर्मा मोडला आन् गावाचं धान जळालं, तं मंग पाहू."

लटारूने आणि बाकीच्या नव्या ख्रिस्ती गड्यांनी पटापट माना डोलावल्या. एवढ्यावर सुटका होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. बायांना कोणी विचारलं नाही. त्या तेव्हा पाणी भरायला गेल्या होत्या.

लटारूच्या अंगणात दर रविवारी मांडवाखाली प्रार्थना सुरू झाली. बोलणार कोण? गड्यांना एक गोष्ट धड येत नव्हती. कलाबाई डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली आणि उभीच राहिली, वर्षानुवर्षं. कोणी आजारी असो, कोणाकडे मयत असो, नवरा-बायकोचं वाजलेलं असो, बोलावणं कलाबाईलाच. बाप्तिस्म्याला आणि प्रभुभोजनाला वडशाहून पाळक यायचे, जेवायचे आणि जाताना सांगून जायचे, "चालू द्या, बाई." चालू होतंच.

एकदा ती एसटीने चंद्रपूरला गेली, चंदाबाईला शोधत. रविवार होता. मोठ्या दगडी चर्चमध्ये चंदाबाई अगदी शेवटच्या बाकावर बसली होती, म्हातारी झालेली, मान खाली घालून. समोर पाळक बोलत होते. बाहेर आल्यावर कलाबाईने विचारलं, "बाई, तुमी नाई बोलल्या?"

चंदाबाई हसली. "इथी बोलाले पाळक हायेत ना. आपलं काम तिकडं, जंगलात."

कलाबाईच्या तेव्हा काही ध्यानात आलं नाही. आलं असतं तर तिने धनराजला पाळक व्हायला पाठवलंच नसतं.

पाठवलं मात्र तिनेच. पोराने घरचं धान पाहावं असं लटारूचं म्हणणं होतं. कलाबाई हट्टाला पेटली. आपल्याला वाचता येत नाही, पोराला येईल, आपण सांगतो ते तो पुस्तकातून सांगेल, असे मनात मांडे खात तिने त्याला नागपूरला शिकायला धाडलं. तो परत आला तो इस्त्रीच्या शर्टात, आणि सोबत बायको रंजीता. वडशाच्या एका पाळकाची ही मुलगी, बारावी झालेली, गळा गोड. पहिल्या रविवारी पोरगा बोलायला उभा राहिला तेव्हा कलाबाईला समोरचं काही दिसेना, डोळेच भरून आले होते.

काही रविवार गेले. मग त्याने ख्रिस्ती घर कसं असावं यावर संदेश दिला. येशू मंडळीचं मस्तक, तसा नवरा बायकोचं मस्तक. बाईचा मान घरात. मंडळीत तिने गप्प राहावं, काही विचारायचं असेल तर घरी नवऱ्याला विचारावं. कलाबाई शेवटपर्यंत मान डोलावत होती. हे दुसऱ्या बायांबद्दल चाललं आहे असं तिला वाटलं. गाणं झाल्यावर ती नेहमीप्रमाणे उठली आणि गोष्ट सांगून बसली. धनराज बोलला तो घरी, पानावर.

"माय, आता तू उभी नको राहू."

"काऊन? पाय दुखते म्हनून?"

"शास्त्रात तसं हाय. बाईनं मंडळीत शिकवू नये. हे मी नाई म्हनून राह्यलो, बायबलात पौलानं लिवलं हाय."

"त्यानं लिवलं तवा तिथी बोलाले गडी असतीन. इथी कोन होता?"

"तवा नव्हता. आता मी हावो ना." तो भात कालवत राहिला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "आन् ते लोट्याचं. येशूनं तिच्या लोट्यातलं पानी पेलं, हे तू कुठून आनलं? असं कुठीच लिवलं नाई. चुकीचं शिकवनं हाय ते, माय."

लिहिलेलं नव्हतं हे खरंच होतं. कलाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. "तुमालेच विचाराचं हाय म्हनते ना शास्त्र? सांगा मंग."

"पोरगा शिकून आला हाय, कला," लटारू म्हणाला आणि त्याने आणखी भात मागितला. आयुष्यभर बायकोच्या मागे चाललेला हा माणूस, उतारवयात बसल्या जागी मस्तक झाला होता. कोणाला आवडणार नाही?

धनराज वाईट होता असं कोणी म्हणू नये. गावातल्या किती पोरांची दारू त्याने सोडवली. आईचे पाय तो अजूनही चेपायचा. पण आजूबाजूचे पाळक त्याच्या मंडळीला बाईची मंडळी म्हणून हसत आणि ते त्याला आतपर्यंत लागायचं. शिवाय त्याला शास्त्र मनापासून खरं वाटत होतं. खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

रंजीता नांदायला आली त्या महिन्यातच तिला कुर्म्यात पाठवलं गेलं. वडशाच्या पोरीने कुर्मा कधी पाहिला नव्हता. "मी पाळकाची बायको हावो," ती रडत म्हणाली.

"म्हनूनच," धनराज म्हणाला. "गावाले शब्द देला हाय. आपल्याच घरानं मोडला तं मंडळी उठन इथून."

कलाबाई मध्ये पडली. "हे कोनत्या शास्त्रात हाय रे?"

"हे शास्त्रात नाई, माय. गावात हाय."

म्हणजे लोटाभर पाणी लिहिलेलं नाही म्हणून गेलं आणि कुर्मा लिहिलेला नाही तरी राहिला. हा हिशेब कलाबाईने पुष्कळ दिवस मनात फिरवला, तिला तो लागला नाही. मलाही लागत नाही. तरी ती गप्प बसायला शिकली. रविवारी ओठ घट्ट मिटून बायांच्या चटईवर बसायची आणि गाणं संपलं की हात आपोआप गुडघ्यावर जायचे, उठण्यासाठी. रंजीता शेजारी असली की हळूच तिचा पदर धरायची.

मग नवं प्रार्थनाघर बांधून झालं. सिमेंटच्या भिंती, वर निळा पत्रा. हिवाळ्यात, धान मळून झाल्यावर, ते देवाला वाहण्याचा अर्पणविधी ठरला. वडसा, गडचिरोली, चंद्रपूर, सगळीकडचे पाळक येणार. नाटकवाल्यांना भोंगे देणारा वडशाचा माणूस भोंगे घेऊन आला आणि त्याने एक प्रार्थनाघरावर बांधला, एक गावाकडे तोंड करून झाडावर. कार्यक्रमात मंडळीची सुरुवात कशी झाली याची साक्ष होती. साक्ष म्हणजे आपल्यावर जे घडलं ते चारचौघांत सांगायचं.

"साक्ष म्हंजे शिकवनं नाई ना?" कलाबाईने धनराजला विचारलं.

"नाई."

"मंग सांगू का मी?"

"पाहू, माय." तो घाईत होता.

कलाबाईने ते हो धरलं. त्यानंतर ती सरपण आणताना, शेळ्यांना पाला टाकताना पुटपुटत असायची. चंदाबाई, चिंचेखालचं हसणं, कुर्मा, लटारूचा ताप, सगळं तिने ओळीने लावलं. आणि पोराच्या मनासारखं व्हावं म्हणून गोष्टीतलं लोट्याचं पाणी तिने स्वतःच काढून टाकलं. ते काढताना तिला फार जड गेलं. इतक्या वर्षांची जिभेची सवय होती.

अर्पणविधीच्या दिवशी रंजीता नेमकी कुर्म्यात होती. पाहुण्यांना सांगितलं गेलं की पाळकीणबाईंची तब्येत बरी नाही. कलाबाई नवं लुगडं नेसून पहिल्या चटईवर बसली. फीत कापली गेली, प्रार्थना झाली, गाणी झाली. धनराज माईकपाशी आला आणि म्हणाला, "आता आपल्या मंडळीचे पहिले विश्वासी, लटारूभाऊ उसेंडी, आपल्यासमोर साक्ष देतील."

कलाबाईचे हात गुडघ्यावर गेलेच होते. ती अर्धी उठली होती. तिच्या बाजूने लटारू पांढऱ्या सदऱ्यात पुढे गेला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

लटारू चांगलं बोलला. मले ताप आला, मी मराले टेकलो, प्रभूनं मले नावानं हाक मारली. माह्या अंगनात मंडळी सुरू झाली. लोकायनं प्रार्थना केली आन् मी उठलो. लोकायनं! चंदाबाई नाही, कुर्मा नाही, अंगणात येऊन बसलेल्या बाया नाहीत. पाहुणे हालेलुया म्हणत होते. लटारू रंगात आला होता, कदाचित त्यालाही ते तसंच घडल्यासारखं वाटत असेल.

कलाबाई उभी राहिली. "कुर्म्याचं सांगा ना," ती म्हणाली. "चंदाबाईचं सांगा. पयले गोष्ट तिथी—"

"माय, बस."

धनराजने आवाज चढवला नाही, पण माईक तोंडाशी होता. बस हा शब्द प्रार्थनाघरावरून गेला, झाडावरच्या भोंग्यातून गेला, गावभर ऐकू आला. पाहुण्यांत चुळबुळ झाली तशी त्याने लगेच सावरून घेतलं. "ह्या आमच्या मातोश्री. आजच्या जेवणासाठी यांनी फार मेहनत घेतली आहे. यांच्यासाठी जोरदार टाळ्या."

टाळ्या पडल्या. जेवण तिने केलंही नव्हतं. चंद्रपूरहून आलेले एक म्हातारे पाळक तिच्याकडे पाहून मायेने हसले आणि त्या हसण्याने ती आतून जळाली. टाळ्या संपायच्या आत ती बाहेर पडली, भाताच्या गंजाजवळून, चिंचेजवळून, सरळ मोहापर्यंत. तिथेही थांबली नाही.

कुर्म्यात रंजीता होती आणि कॉलेजात जाणारी करिष्मा, जी ख्रिस्ती नव्हती. दोघींनी भोंग्यावरून सगळं ऐकलं होतं.

"आत्या, तुमी इथी?" रंजीता गडबडून उठली. "तुमचं तं कधीचंच..."

"हो, कधीचंच," कलाबाई म्हणाली आणि चटईवर बसली. "पानी दे."

रंजीताच्या लोट्यातलं पाणी ती प्यायली. तेवढ्यात बाहेरून हाक आली. धनराज मोहाखाली, दगडापाशी उभा होता. त्याचा आजा जिथे थांबायचा तिथेच.

"माय, चाल. पाहुने जेवाले बसून राह्यले."

"ये, घेऊन जा मले."

त्याने खाली पाहिलं. "गाव पाहून राह्यलं, माय."

"येशू आला असता."

धनराजचं पाऊल मोहापुढे पडलं नाही.

"बाईनं कुर्म्यात बोलू नये असं लिवलं हाय का कुठी? तू शिकला हायेस, सांग."

"नाई," तो म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नव्हतं.

"मंग बस तिथी. बस आन् ऐक."

तो बसला नाही. त्याने वळून प्रार्थनाघराकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पाहुन्यायत येशीन तं नदीवरून आंग धुऊन ये, माय." आणि तो गेला.

बस म्हटल्यापेक्षा हे खोल गेलं. बारा वर्षं रक्त जाणाऱ्या त्या बाईला येशूने जे सांगितलं नव्हतं ते तिच्या पोराने तिला सांगितलं होतं. भोंग्यावर आभारप्रदर्शन चाललं होतं, बांधकामाला हातभार लावणाऱ्या एकेका भावाचं नाव घेतलं जात होतं. मग कलाबाई चटईवर नीट मांडी घालून बसली, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "एक बाई होती."

तिने सगळी गोष्ट सांगितली. लोट्याचं पाणीही परत जागच्या जागी ठेवलं. करिष्मा तोंडावर हात ठेवून ऐकत होती. रंजीताला गोष्ट माहेरीच पाठ झालेली, पण लोट्याशी आल्यावर तिने आपल्या लोट्याकडे पाहिलं.

"आत्या," ती गोष्ट संपल्यावर म्हणाली, "मंग बरी झाल्यावर तिले त्यायनं देवळात घेतलं का? चार लोकायत बोलू देलं?"

गोष्टीत जे कमी पडलं ते कलाबाई आजवर आपल्या पदरचं घालत आली होती. इथेही घालता आलं असतं. दोघी पोरी वाट पाहत होत्या.

"ते मले नाई मालूम, पोरी," ती म्हणाली. "तेवढं कोनी सांगतलंच नाई."